मत नसलेल्या मुलांकडे मत मागितलं तर? हिंगोलीतला 'तो' व्हिडिओ आणि शाळेतल्या राजकारणाचे नियम

फेब्रुवारी २०२४. लोकसभेची निवडणूक तोंडावर आलेली. अशात हिंगोली जिल्ह्यातला एक व्हिडिओ फोनाफोनांवर फिरायला लागला. कळमनुरीचे आमदार संतोष बांगर लाख गावच्या जिल्हा परिषद शाळेत गेले होते. समोर दहा वर्षांच्या आतली मुलं. आमदार त्यांना सांगत होते की, तुमच्या आईवडिलांनी पुढच्या निवडणुकीत मला मत दिलं नाही तर दोन दिवस जेवायचं नाही. घरच्यांनी का जेवत नाही विचारलं, तर आधी बांगरांना मत द्या, मगच जेवतो, असं सांगायचं. हे त्यांनी मुलांकडून वदवूनही घेतलं.

काहींनी व्हिडिओ हसण्यावारी नेला, काहींनी डोक्याला हात लावला. विरोधी पक्षांनी कारवाईची मागणी केली. दोन-चार दिवस टीव्हीवर चर्चा झाली आणि मग नवा व्हिडिओ आला, नवा विषय आला.

पण त्या व्हिडिओने उभा केलेला प्रश्न जागेवरच आहे. सरकारी शाळेत राजकीय नेता काय बोलू शकतो? त्याला कोण अडवू शकतं? आणि ज्या मुलांच्या तोंडी ही वाक्यं दिली गेली, त्यांना स्वतःचं काही बोलायचा अधिकार आहे की नाही?

पाच दिवसांपूर्वीच नियम आला होता

गंमत म्हणजे या घटनेच्या जेमतेम आठवडाभर आधी, ५ फेब्रुवारी २०२४ ला, केंद्रीय निवडणूक आयोगाने सगळ्या पक्षांना एक पत्र पाठवलं होतं. प्रचारात लहान मुलांचा कुठल्याही प्रकारे वापर नको. पत्रकं वाटायला नको, घोषणा द्यायला नको, रॅलीत नको. कविता, गाणी, भाषणं यांतून मुलांच्या तोंडी पक्षाचा किंवा उमेदवाराचा प्रचार नको. आईवडिलांसोबत एखादं मूल नेत्याच्या आसपास दिसलं आणि ते प्रचारात सामील नसेल, तर तेवढ्याने नियमभंग होत नाही, ही सूटही त्यात होती.

या पत्रात आयोगाने ज्या निकालाचा आधार घेतला तो आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाचा, ४ ऑगस्ट २०१४ चा. निवडणुकीच्या कामात अल्पवयीन मुलांना ओढू नका, हे पक्षांना बजावणारा. २०१२ साली दाखल झालेल्या एका जनहित याचिकेवर तो आला होता. म्हणजे महाराष्ट्रात हा मुद्दा नवा अजिबात नव्हता.

मग कारवाई कशाखाली होणार?

इथे खरी अडचण सुरू होते.

आचारसंहिता लागू होते ती निवडणुकीच्या तारखा जाहीर झाल्यावर. लोकसभेच्या तारखा जाहीर झाल्या १६ मार्च २०२४ ला. बांगरांची स्वतःची, म्हणजे विधानसभेची निवडणूक तर त्याहून बरीच लांब होती, २० नोव्हेंबरला. फेब्रुवारीत आचारसंहिता नव्हतीच.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ मध्ये मतदारावर गैरवाजवी दबाव टाकणं हा 'भ्रष्ट आचार' मानला आहे. तो सिद्ध झाला तर निवडून आलेल्याची निवड रद्द होऊ शकते. पण हा कायदा उमेदवाराबद्दल बोलतो, आणि रीतसर नामनिर्देशन झाल्याशिवाय माणूस कायद्याच्या भाषेत 'उमेदवार' होत नाही. आयोगाच्या पत्राने बालकामगार कायद्याचा हवाला दिला आहे, पण वर्गात बसून ऐकणं हे काही काम नव्हे. बाल न्याय कायद्यातलं क्रौर्याचं कलम मुलाचा ताबा ज्याच्याकडे आहे त्याला लागतं. मुलं तर शिक्षकांच्या ताब्यात होती, आमदारांच्या नाही.

एकेक दार ठोठवावं आणि ते आपल्यासाठी नाही असं कळावं, तसा हा प्रकार. निवडणुकीच्या काळात जे उघड चुकीचं आहे, ते निवडणुकीच्या नऊ महिने आधी कायद्याच्या फटीत जाऊन बसतं. प्रचार मात्र कुणी नऊ महिने थांबून करत नाही.

वर्गाच्या दारावर उभा असतो मुख्याध्यापक

कायद्याने नाही तर निदान शाळेने अडवायला हवं होतं, असं म्हणणं सोपं आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला वर्तणूक नियम लागू असतात. त्याला कुठल्या पक्षाचं काम करता येत नाही, प्रचार करता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीचं काम सोडून त्याला दुसऱ्या अशैक्षणिक कामाला जुंपता येत नाही. हे सगळं शिक्षकाला बांधणारं आहे. पण शाळेत पाहुणा म्हणून आलेल्या आमदाराने काय बोलावं, याबद्दल मुख्याध्यापकाच्या हातात काय आहे?

व्यवहारात फारसं काही नाही. वर्गखोलीची दुरुस्ती, शाळेची भिंत, पाण्याची टाकी यांसाठी आमदार निधीकडे बघावं लागतं. बदलीची टांगती तलवार वेगळीच. त्यात मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर हिंगोली जिल्हा परिषदेवर प्रशासक आला. शाळा जिल्हा परिषदेची, पण गावाने निवडून दिलेला जिल्हा परिषद सदस्यच नाही. अशा वेळी आमदारांच्या शब्दाचं वजन आपोआप वाढतं. साहेब, हा विषय इथे नको, असं म्हणणारा मुख्याध्यापक सापडायला हवा हे खरं, पण तो न सापडण्याचा सगळा दोष त्याच्या माथी मारणं बरोबर नाही.

आणि एक बारीक गोष्ट. सरकारी शाळेत पहिली ते आठवीपर्यंत दुपारचं जेवण मिळतं. ज्या शाळेच्या भिंतीवर पोषण आहाराचा तक्ता लावलेला असतो, तिथेच मुलांना उपाशी राहायला सांगितलं गेलं.

मुलांना मत नाही, पण म्हणणं आहे

आपल्याकडे अनेकांना वाटतं की अभिव्यक्ती स्वातंत्र्य अठरा वर्षांनंतर मिळतं. तसं नाही. अठराव्या वर्षी मिळतो तो मतदानाचा हक्क. संविधानाच्या कलम १९ मध्ये भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य 'सर्व नागरिकांना' दिलं आहे, वयाची अट तिथे नाही.

याची सर्वांत गाजलेली केस केरळची. १९८५ मध्ये तिथल्या तीन भावंडांना शाळेतून काढून टाकलं होतं. ती राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, पण धार्मिक श्रद्धेमुळे गायची नाहीत. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा शाळेत घ्यायला सांगितलं. गप्प राहण्याचं स्वातंत्र्यही अभिव्यक्तीत येतं, हे तेव्हा स्पष्ट झालं. म्हणजे एखादं वाक्य मुलाकडून बळेच वदवून घेणं हासुद्धा अभिव्यक्तीचाच प्रश्न आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ तर आणखी पुढे जातो. अभ्यासक्रम कसा असावा हे सांगताना कलम २९ म्हणतं की मूल भीती, धक्का आणि चिंता यांपासून मुक्त असावं आणि त्याला आपलं मत मोकळेपणाने मांडायला मदत व्हावी. मत म्हणजे इथे वोट नव्हे, विचार. मराठीत दोन्हीला एकच शब्द असल्यामुळे कदाचित नेत्यांचा गोंधळ होत असावा!

हिंगोलीच्याच मुलांनी मनापासून बोलल्यावर काय होतं, तेही दिसलेलं आहे. २०२२ च्या दिवाळीआधी सेनगाव तालुक्यातल्या एका शाळकरी मुलाने मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं होतं. पिकाचं नुकसान झालंय, घरात सणाला पैसे नाहीत, मदत द्या, असं. तेही पत्र व्हायरल झालं. त्यातही मागणी होती, त्यातही नेत्याचं नाव होतं. फरक एवढाच की शब्द त्या पोराचे होते आणि दुःख त्याच्या घरातलं होतं.

एकट्या बांगरांचा प्रश्न आहे का?

नाही. बांगरांचं बोलणं भडक होतं म्हणून दिसलं. त्याच फेब्रुवारी महिन्यात राज्यभरातल्या शाळांमध्ये मुख्यमंत्र्यांचं पत्र विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवलं गेलं आणि पालकांसोबत त्या पत्राचा सेल्फी काढून वेबसाइटवर टाकायला सांगितलं गेलं. पत्र शुभेच्छांचं होतं, उपक्रम शिक्षण विभागाचा होता. पण निवडणुकीच्या वर्षात नेत्याचं नाव घराघरात पोहोचवायचं काम दप्तरातून झालं, हेही खरं. आणि अशा गोष्टी सत्तेत कुणीही असो, होतच असतात.

मग शाळेत राजकारण बोलूच नये का? जर्मनीत हा वाद फार तीव्र होता, कारण नाझींनी वर्गखोल्यांचं काय केलं हे त्यांनी भोगलेलं. १९७६ मध्ये बॉयटेल्सबाख नावाच्या गावी तिथले शिक्षणतज्ज्ञ जमले आणि त्या चर्चेतून साधे तीन नियम निघाले. विद्यार्थ्यावर मत लादायचं नाही. समाजात ज्या विषयावर वाद आहे तो वर्गातही वाद म्हणूनच मांडायचा. आणि स्वतःचं हित कशात आहे हे विद्यार्थ्याला तपासता आलं पाहिजे. राजकारणाला तिथे बंदी नाही. आमदारांनी लाखच्या शाळेत जाऊन मुलांना 'आमदार नेमकं काय करतो, मला काय वाटेल ते विचारा' असं म्हटलं असतं, तर ते या नियमांत मस्त बसलं असतं.

मराठवाड्यात विद्यार्थी कधीच गप्प नव्हते

निजामाच्या राजवटीत, १९३८ च्या अखेरीस, औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना वंदे मातरम् गायला मनाई झाली. ते गातच राहिले. शेकडोंना काढून टाकण्यात आलं, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला. नागपूरला गेलेल्यांमध्ये पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह रावही होते. म्हणजे केरळच्या मुलांचा प्रश्न 'आम्ही गाणार नाही' हा होता, इथल्यांचा 'आम्ही गाणारच' हा. दोन्हीकडे मुद्दा तोच.

१९७४ मध्ये वसमतला, जे आज हिंगोली जिल्ह्यात आहे, नोकऱ्या आणि मागासलेपणाच्या प्रश्नावर रस्त्यावर उतरलेल्या विद्यार्थ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात विद्यार्थ्यांचे जीव गेले आणि मराठवाडा विकास आंदोलन पेटलं.

आज हिंगोलीची कॉलेजं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात येतात. ज्यांचं नाव त्या विद्यापीठाला आहे, ते स्वामीजी हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते होण्याआधी शाळेत शिक्षक होते. पण या कॉलेजांत विद्यार्थ्यांच्या खुल्या निवडणुका होत नाहीत. १९८९ मध्ये मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला, त्यानंतर १९९० च्या दशकात राज्यात कॉलेज निवडणुका बंद झाल्या. गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आली. २००६ मध्ये लिंगडोह समितीने निवडणुका कशा घ्याव्यात याची चौकट दिली, खर्चाची मर्यादा ५ हजार रुपये, हजेरी ७५ टक्के वगैरे. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने निवडणुका परत आणल्या, पण कागदावर. २०१९ मध्ये तारखा ठरल्या आणि पुढे ढकलल्या गेल्या.

परिस्थिती अशी आहे की ज्यांना मत आहे त्या कॉलेजच्या पोरांना कॅम्पसवर उमेदवार म्हणून उभं राहता येत नाही, आणि ज्यांना मत नाही त्या चौथीच्या पोरांना मतदानाची भाषणं ऐकावी लागतात.

पालकांच्या हातात काय आहे?

कुणाला वाटेल की याचा हिशेब मतपेटीत होतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये संतोष बांगर कळमनुरीतून पुन्हा निवडून आले. मतदार आमदार निवडताना पन्नास गोष्टी बघतो, शाळेतलं एक भाषण त्यात बसेलच असं नाही. म्हणून दुसरा रस्ता माहीत असलेला बरा.

प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळेच्या कार्यक्रमाला कोण येणार, मुलांसमोर काय बोललं जाणार, हा विषय या समितीच्या बैठकीत घेता येतो आणि इतिवृत्तात लिहून घेता येतो. मुख्याध्यापकालाही मग 'समितीचा ठराव आहे' असं सांगायला आधार मिळतो. ते एकट्याने नाही म्हणण्यापेक्षा बरंच सोपं.

घटना घडून गेली असेल तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली मुलाच्या हक्काबद्दल कुणालाही लेखी तक्रार करता येते. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी ती स्थानिक प्राधिकरणाकडे जाते आणि तीन महिन्यांत निकाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर अपील महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे. तक्रारीला वकील लागत नाही, आचारसंहिता लागू असण्याचीही गरज नाही. फक्त अर्जावर तारीख टाकून पोच घ्यायला विसरू नये.