घोयरा सापडला? खोक्यात ठेवण्याआधी हे वाचा

पाऊस उघडला की बांधावर, बाभळीवर, कधी थेट डांबरी रस्त्यावर घोयरा दिसायला लागतो. हिरवागार, अंगाने चपटा, शेपटीचं गुंडाळं केलेला. चालतो तर असा की एक पाय उचलायचा, हवेत ठेवायचा, मागे-पुढे झुलायचं आणि मग टाकायचा. पळून जाणं त्याला जमतच नाही. म्हणून पोरांच्या हाती तो सहज लागतो आणि मग बुटाच्या खोक्यातून घरी येतो.

कुंपणावर मान हलवत बसणारा, दगड मारला की सुसाट पळणारा तो साधा सरडा. घोयरा वेगळा. इंग्रजीत ज्याला शॅमेलिऑन म्हणतात तो हा, आणि अख्ख्या भारतात त्याची ही एकच जात आहे. त्याचे दोन डोळे दोन दिशांना फिरतात. पायाची बोटं दोन जुडग्यांत, चिमट्यासारखी, फांदी पकडण्यासाठी. जीभ त्याच्या धडाइतकी किंवा त्याहून लांब. तो विषारी नाही. त्याच्या फुत्काराने, थुंकीने काही होत नाही. तोंड उघडून, अंग फुगवून तो घाबरवतो एवढंच, कारण घाबरलेला तोच असतो.

आता पाळण्याचं. माझ्या पुतण्याने एकदा असाच घोयरा घरी आणला. खोक्याला भोकं पाडली, आत वाटीभर पाणी, थोडे पोहे, टोमॅटोची फोड. दुसऱ्या दिवशी कोणीतरी दूध ठेवलं. घोयऱ्याने कशालाच तोंड लावलं नाही. आम्ही मोठी माणसंही शहाणी नव्हतो, त्याला लाल ओढणीवर ठेव, निळ्या बादलीवर ठेव, असे व्हिडिओ काढत बसलो. सहाव्या दिवशी सकाळी तो खोक्यात काळपट होऊन पडला होता. पोरगं रडलं. आम्ही म्हणालो, आजारी असेल. तो आजारी नव्हता. आम्ही त्याला तहानेने आणि भीतीने मारलं होतं, हे मला नंतर कळलं.

घोयरा वाटीतलं पाणी पीत नाही. साचलेलं पाणी म्हणजे पाणी, हे त्याला उमगतच नाही. पानावर दव पडलं, पावसाचे थेंब हलले, चमकले की तो ते चाटतो. त्यामुळे वाटी भरलेली असते आणि जनावर तहानेने मरतं. डोळे खोल गेलेले दिसले की समजायचं, पाणी कमी पडलंय. खाण्याचंही तसंच. हलणारा किडाच त्याला दिसतो आणि रुचतो. नाकतोडे, रातकिडे, माश्या, टोळ, अळ्या. पोहे, भात, भाकरी, दूध, फळ यातलं काही त्याच्या पोटाचं नाही. आणि आपण हौसेने शेतातून धरून आणलेला किडा फवारणीच्या कपाशीवरचा असेल तर तेच विष त्याच्या पोटात जातं.

दुसरी गोष्ट ऊन. सकाळचं कोवळं ऊन अंगावर घेतल्याशिवाय त्याच्या हाडांना कॅल्शियम लागत नाही. घरातल्या बल्बच्या उजेडाने ते काम होत नाही. हाडं मऊ होतात, पाय वाकतात, फांदी धरता येत नाही. मादी असेल आणि पोटात अंडी असतील तर आणखी वाईट. अंडी घालायला ती झाडावरून खाली उतरून जमिनीत खड्डा उकरते. रस्त्यावर, बांधावर सापडणाऱ्यांत अशा माद्याही असतात. पुठ्ठ्याच्या खोक्यात माती कुठून मिळणार? अंडी पोटातच अडकतात आणि ती जीव सोडते.

त्या रंगांच्या व्हिडिओबद्दलही सांगायला हवं. घोयरा ओढणीचा रंग बघून तसा रंग घेत नाही. ऊन, थंडी, राग, भीती, मादी-नराची भेट यावर त्याचा रंग ठरतो. जिनिव्हाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मादागास्करच्या शॅमेलिऑनवर दाखवलं की त्याच्या कातडीत अतिशय बारीक स्फटिक असतात आणि त्यांच्यातलं अंतर बदललं की रंग बदलतो. म्हणजे आपण हसत हसत ज्याचं शूटिंग करतो तो बहुतेक वेळा त्याचा घाबरल्याचा रंग असतो.

कायदा काय म्हणतो

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार घोयरा संरक्षित आहे. पकडणं, घरात ठेवणं, विकणं, मारणं, सगळं गुन्ह्यात येतं आणि त्यात तुरुंगवासाचीही तरतूद आहे. ‘आम्ही तर जीव लावला होता’ हे उत्तर तिथे चालत नाही. जादूटोण्यासाठी, औषधासाठी कोणी घोयरा मागत गावात फिरत असेल तर तोही गुन्हाच. स्टेटसला घोयऱ्यासोबतचा फोटो टाकणाऱ्यांनी जरा विचार करावा, पुरावा आपणच देतोय.

शहरात विकले जाणारे येमेन, मादागास्करकडचे शॅमेलिऑन ही वेगळी बाब. २०२४ च्या नियमांनुसार अशा परदेशी प्राण्यांची ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. दुकानदार कागद देत नसेल तर घेऊच नये. ज्याच्याकडे कागदांसकट आहे त्याला तरी सांभाळणं सोपं नाही: काचेची पेटी नको, हवा खेळणारा जाळीचा उंच पिंजरा हवा, आत खऱ्या फांद्या आणि पानं, दिवसातून दोन-तीनदा पानांवर पाण्याचा फवारा, खास अतिनील किरणांचा दिवा, रात्री पूर्ण अंधार. एका पिंजऱ्यात एकच. दोन ठेवले की भांडतात, नाहीतर एक झुरून मरतो. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको, त्यावर कॅल्शियमची पावडर भुरभुरायची, आणि पूर्ण वाढलेल्याला एक दिवसाआड खाऊ घातलं तरी पुरतं. दिव्याचा, किड्यांचा, डॉक्टरचा खर्च धरला तर शेळी परवडते. आपल्या रानातल्या घोयऱ्याला मात्र नोंदणीचा हा मार्ग नाही.

मग सापडला तर करायचं काय

धडधाकट असेल आणि झाडावर असेल तर काहीच नाही. बघा आणि पुढे चला. रस्त्यात असेल तर हाताने उचलू नका, समोर एक काठी धरा, तो आपणहून तिच्यावर चढतो. ज्या बाजूला तोंड करून चालला होता त्याच बाजूच्या झुडपावर काठी टेकवा. शेपटीला धरून उचलायचं नाही. पालीची शेपटी तुटली तर पुन्हा येते, याची येत नाही.

जखमी असेल, मांजराने किंवा कुत्र्याने धरलेला असेल, तर वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा किंवा तुमच्या भागातल्या वनरक्षकाला, ओळखीच्या सर्पमित्राला कळवा. ते येईपर्यंत हवा जाणाऱ्या टोपलीत पाल्याची एक फांदी ठेवा, त्यावर घोयरा, वरून सुती कापड, आणि टोपली सावलीत शांत जागी. फांदीवर पाण्याचे चार थेंब शिंपडा, चाटला तर चाटला. तोंड उघडून पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. हळद, तेल, मलम काही लावू नका. खायलाही घालू नका, एखाद्या दिवसाच्या उपाशीपणाने तो मरत नाही.

घरी आधीच आणून ठेवलेला असेल तर तोही लपवू नका, फॉरेस्टवाल्यांना सांगा. जिथून आणला तो बांध नक्की कोणता, हे पोराला विचारून ठेवा, कारण त्याला तिथेच सोडायला हवं. सकाळची वेळ धरा, ऊन अंगावर घेऊन त्याला हालचाल करता येते. सोडल्यावर तो लगेच निघून जात नाही. बराच वेळ तिथेच झुलत बसतो, एक डोळा आपल्याकडे, एक डोळा वरच्या फांदीकडे. तेव्हा कुत्र्याला घेऊन बाजूला व्हायचं.