पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांमधून

फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवस मावळला की वांगणीच्या माळावर मी दुर्बीण तिपाईवर चढवतो आणि पुनर्वसूच्या जोडीवर रोखतो. दोन ताऱ्यांत साडेचार अंशांचं अंतर, त्यामुळे दोन्ही एकदमच दिसतात. मग दुर्बिणीला हात लावायचा नाही. खाली अंधार असला तरी चारशे किलोमीटर वर अजून ऊन असतं. त्या उन्हात चमकणारा उपग्रहाचा ठिपका दोन ताऱ्यांना जोडणारी रेषा ओलांडतो, त्या क्षणी स्टॉपवॉच दाबायचं आणि रेषेवर नेमकं कुठे ओलांडलं ते लगेच वहीत टिपायचं. सेकंदाच्या दहाव्या भागाची चूक म्हणजे उपग्रहाच्या वाटेवर पाऊण किलोमीटरची चूक.

जाहीर यादीतले उपग्रह वजा करून एखादा ठिपका उरला, तर खरं काम दुसऱ्या दिवशी सुरू होतं. समजा, तो साडेतेवीस तासांनी पुन्हा दिसला. मधल्या काळात त्याने 15 फेऱ्या मारल्या की 16? पंधरा धरल्या तर फेरी 94 मिनिटांची आणि उंची सुमारे 480 किलोमीटर. सोळा धरल्या तर फेरी 88 मिनिटांची आणि उंची जेमतेम 190. निवाडा वेग करतो, कारण इतका खालचा उपग्रह डोक्यावरून दुपटीहून अधिक वेगाने निघून जातो. आणखी एक-दोन रात्रींच्या नोंदी मिळाल्या की कक्षेचा विषुववृत्ताशी असलेला कलही पक्का होतो.

मग कक्षेचं प्रतल काळात मागे न्यायचं. पृथ्वी मध्यभागी फुगीर असल्याने ते रोज थोडं सरकतं, पण किती ते गणिताने काढता येतं. एखाद्या उड्डाणाच्या वेळी ते प्रतल बरोबर अमेरिकेतल्या केप कॅनव्हेरल या उड्डाणतळावरून जात असेल, तर उपग्रहाची ओळख जवळपास पटलीच. या कामातला मला सर्वांत आवडणारा क्षण हाच.

उदाहरणार्थ, अमेरिकी हवाई दलाचं एक्स-37बी हे यान 22 एप्रिल 2010 रोजी उडालं. कक्षा गुप्त होती. महिनाभरात कॅनडा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या हौशी निरीक्षकांनी ती शोधली: कल 40 अंश, उंची सुमारे 410 किलोमीटर. एवढ्या कलाचं यान महाराष्ट्रावरूनही जातं. आपल्या डोक्यावरून काय जातं ते आपल्याला कळलंच पाहिजे, म्हणून या शोधाचं मोल मला फार वाटतं. पुढे एकदा हे यान ठरल्या वेळी आलं नाही. निरीक्षकांनी पुन्हा आकाश धुंडाळलं, आणि ऑगस्टमध्ये ते सापडलं तेव्हा सुमारे 30 किलोमीटर वर गेलं होतं.