वकील देण्यापूर्वी शेतकऱ्याने काय पाहावे

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आमच्या वऱ्हाडात सर्वांच्या तोंडी आहे. परंतु धुरा रेटला गेला किंवा वहिवाटीचा रस्ता बंद झाला, म्हणजे शहाण्यासही ती पायरी चढणे भाग पडते. महसूल खात्यात कारकुनी करीत असता शेतकऱ्यांचे पुष्कळ कज्जे आमच्या हातांखालून गेले. खऱ्या पक्षाचा माणूस केवळ गाफीलपणामुळे हरलेला आम्ही पाहिला आहे; म्हणून हे चार शब्द.

चिखलदरा तालुक्यातील एका शेतकऱ्याची गाडीवाट शेजाऱ्याने काट्या लावून बंद केली. कोणा मध्यस्थाच्या सांगण्यावरून त्याने घाट उतरून एक वकील गाठला, कोऱ्या वकीलपत्रावर सही केली, पैसे दिले आणि पावती घेतली नाही. विचारपूस केली की ‘होईल’ एवढेच उत्तर मिळे. तो तहसिलीत आला तेव्हा आठ महिने लोटले होते. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ अन्वये अशा अडथळ्याविरुद्ध तहसीलदाराकडे दावा ६ महिन्यांच्या आत लावावा लागतो. तो स्वल्पखर्चाचा मार्ग हातचा गेला. त्या वर्षी पेरणीचे बी-खत त्याने डोक्यावरून वाहिले.

याकरिता पहिली गोष्ट ही की, आपला तंटा कोणत्या कचेरीचा आहे हे प्रथम समजून घ्यावे. धुऱ्याचा वाद असेल तर भूमि अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करवावी; कित्येकदा वाद तेथेच मिटतो. फेरफाराच्या हुकुमाविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करण्याची मुदत ६० दिवसांची आहे. मालकी हक्काचा निर्णय मात्र दिवाणी न्यायालयातच होतो. सातबारा, आठ-अ, फेरफाराच्या नकला, खरेदीखत व मोजणीचा नकाशा जवळ ठेवून, घडलेल्या गोष्टी तारीखवार एका कागदावर मांडाव्या. वकिलापासून प्रतिकूल गोष्टही लपवू नये; त्यास सांगितलेले कायद्याने गुप्त राहते.

दुसरी गोष्ट वकिलाची निवड. त्याची सनद महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेची असावी, आणि तो महसुली कामे चालवितो की दिवाणी, हे स्पष्ट विचारावे. जो जिंकण्याची हमी देतो त्यास दुरून नमस्कार करावा. ‘जिंकल्यास जमिनीचा अमुक हिस्सा माझा’ असा करार वकिलांच्या नियमांस निषिद्ध आहे. फी, कोर्ट-फी व नकलांचा खर्च निरनिराळा लिहून घ्यावा आणि प्रत्येक रकमेची पावती मागावी. वकीलपत्र वाचल्यावाचून सही करू नये. त्यात तडजोड करण्याचा वा पैसे उचलण्याचा अधिकार दिला आहे काय, ते पाहावे.

तिसरी गोष्ट, दाव्याचा क्रमांक व प्रत्येक कागदाची प्रत आपल्याजवळ असावी. दिवाणी न्यायालयातील तारखा आता ई-कोर्ट्सद्वारे मोबाईलवरही दिसतात. वकील बदलणे झाल्यास न्यायालयाच्या परवानगीने बदलता येतो. फीसाठी पक्षकाराचे कागद अडकवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ठरविले. गैरवर्तनाची तक्रार वकील परिषदेकडे करावी. वकिलाविरुद्ध ग्राहक न्यायालयात दाद मागता येत नाही असा निर्णय २०२४ साली झाला असल्याने, पावतीचे महत्त्व अधिकच वाढले आहे.

शेवटी एक गोष्ट आमच्या मेळघाटासाठी. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांस, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. आमच्या कोरकू बांधवांस व विधवा भगिनींस हे ठाऊक नसते, आणि ते बैल विकून फी भरतात. ज्यास हे वाचता येते त्याने शेजाऱ्यास सांगावे. लोकअदालतीत तडजोड झाल्यास भरलेली कोर्ट-फी परत मिळते; मात्र त्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून सही विचारपूर्वक करावी.

बियाणे घेताना आपण दाणा हातावर घेऊन पाहतो. ज्याच्या हाती बापजाद्यांची जमीन सोपवायची, त्यास चार प्रश्न विचारण्यात संकोच कसला?