कीटो: पोळी सोडली, पण तूप वाढवलं का?

कीटो आहार सुरू करणारे पहिल्याच दिवशी पोळी, भात, साखर बंद करतात. तेल-तुपाचा हात मात्र आखडलेलाच राहतो. मग दुपारपर्यंत पोटात कावळे ओरडू लागतात आणि अंगात त्राण उरत नाही.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी १९२१ साली हा आहार अपस्माराच्या रुग्णांसाठी सुचवला. कर्बोदकं अगदी कमी झाली की यकृत चरबीपासून कीटोन तयार करतं आणि मेंदूही बराचसा त्यांवर चालतो.

म्हणजे पोळी-भाताची ऊर्जा स्निग्धांशातून भरून काढावी लागते. त्याचा आता हिशेब करू. दिवसाच्या १६०० कॅलरींपैकी ७० टक्के स्निग्धांशातून घ्यायच्या, म्हणजे ११२०. एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे सुमारे १२५ ग्रॅम स्निग्धांश. पंधरा मिलिलिटरच्या चमचाभर तुपात तो जेमतेम १३-१४ ग्रॅम असतो. म्हणून तो दिवसभरात विभागावा: सकाळी तुपातलं दोन अंड्यांचं ऑम्लेट, दुपारी पालक-पनीर, संध्याकाळी मूठभर अक्रोड, रात्री ओल्या नारळाच्या वाटणातला बांगडा.

स्निग्धांशाचं प्रमाण हळूहळू वाढवा, नाहीतर पोट बिघडतं. वजन घटवायचं असेल तर अंगावरची चरबीही वापरली जाते. त्यामुळे वाट्या भरभरून तूप पिण्याची गरज नाही. सुरुवातीला लघवीवाटे पाणी आणि मीठ जास्त जातं, त्यामुळे चक्कर येऊ शकते.

मधुमेहाची औषधं चालू असतील, मूत्रपिंडाचा वा यकृताचा विकार असेल किंवा दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा आहार सुरू करू नका.