गीत कोणाचे? : स्वामित्वहक्क कायद्याची तोंडओळख



काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक आमच्या कार्यालयात आले. हातात भक्तिगीतांची एक छोटी पुस्तिका होती. तरुणपणापासून त्यांनी उपासनेसाठी गीते लिहिली, कधी कोणाकडे मानधन मागितले नाही. त्या पुस्तिकेत त्यांची पाच गीते छापलेली होती. दोन गीतांखाली कोणाचेच नाव नव्हते, दोहोंखाली दुसऱ्याचेच नाव होते आणि पाचव्या गीताखाली ‘पारंपरिक’ असा शब्द होता. त्या शब्दावर बोट ठेवून ते शांतपणे म्हणाले, “फादर, मी अजून जिवंत आहे. मग माझे गीत पारंपरिक कसे झाले?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्याहून लाजिरवाणी गोष्ट अशी, की तेच गीत आम्हीही एका विशेषांकात लेखकाच्या नावाविना छापले होते. देवाच्या कार्यासाठी वापरले, म्हणजे सगळे क्षम्य, अशी आपली एक सोयीस्कर समजूत असते. त्या दिवशी तिला तडा गेला आणि आम्ही हा कायदा मुळातून वाचावयास घेतला. त्यातून जे उमगले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हक्क कशावर असतो?

माणसाच्या बुद्धीतून निर्माण झालेल्या संपत्तीला कायदा ‘बौद्धिक संपदा’ म्हणतो. नव्या शोधाला पेटंट मिळते, त्याची मुदत २० वर्षे असते. व्यापारचिन्हाची नोंद दर १० वर्षांनी नव्याने करावी लागते. घोलवडचा चिकू किंवा वारली चित्रकला यांना भौगोलिक मानांकन आहे, ते एका व्यक्तीचे नसून त्या भूमीतील उत्पादकांचे व कलावंतांचे असते. आपल्या धर्मग्रामांच्या दैनंदिन जीवनाशी मात्र सर्वांत अधिक संबंध येतो तो स्वामित्वहक्काचा, ज्याला आपण सर्रास कॉपीराइट म्हणतो.

भारतात यासंबंधीचा कायदा १९५७ साली संमत झाला व २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला. लेख, कविता, नाटक, संगीतरचना, चित्र, छायाचित्र, चित्रपट व ध्वनिमुद्रण यांना तो संरक्षण देतो. कल्पनेवर मात्र कोणाचाही हक्क नसतो. हक्क असतो तो ती कल्पना ज्या शब्दांत वा रूपात मांडली त्यावर. ‘हम हिंदुस्थानी’ या नाटकाचे लेखक आर. जी. आनंद यांनी ‘न्यू दिल्ली’ या चित्रपटाविरुद्ध दावा लावला होता. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व सांगून तो फेटाळला. म्हणून उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर कोणीही नाटक लिहावे, परंतु दुसऱ्याने लिहिलेले संवाद उचलू नयेत.

हा हक्क मिळविण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. रचना कागदावर उतरली, की हक्क जन्मास येतो. नोंदणी केल्यास ती पुरावा म्हणून उपयोगी पडते, इतकेच. ‘पुस्तकावर सर्व हक्क राखीव असे छापलेले नव्हते’ ही सबब टिकत नाही.

मुदत किती?

लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावर त्याच्या आयुष्यभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. ही गणना मृत्यूच्या पुढील वर्षाच्या १ जानेवारीपासून होते. पूर्वी ही मुदत ५० वर्षे होती, ती १९९२ साली वाढविण्यात आली. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे असतो.

रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली निवर्तले. त्यांची गीते आज सर्वांसाठी खुली आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली प्रथम छापले गेले, त्याच्या मूळ ओव्यांबद्दल प्रश्नच उद्भवत नाही. परंतु एखाद्या आधुनिक संपादकाने त्यास जोडलेली प्रस्तावना, टिपा अथवा आजच्या मराठीत केलेले रूपांतर ही त्या संपादकाची निर्मिती होय.

पवित्र शास्त्राचेही तसेच. मूळ ग्रंथ प्राचीन आहेत, पण प्रत्येक भाषांतर ही स्वतंत्र साहित्यकृती असते. दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वर्षानुवर्षे खपून ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा हक्क २०८४ सालच्या अखेरपर्यंत अबाधित राहील.

एका गीताचे तीन धनी

येथे गायनमंडळांचा सर्वाधिक गोंधळ होतो. एका गीतात शब्द कवीचे, चाल संगीतकाराची आणि ध्वनिमुद्रण ते काढणाऱ्या निर्मात्याचे असते. टिळकांच्या शब्दांना आजच्या संगीतकाराने नवी चाल लावली, तर शब्द खुले राहतात, चाल मात्र त्या संगीतकाराची असते. इंग्रजी वा कोंकणी गीताचे मराठी भाषांतर करावयाचे, तर त्यासाठीही मूळ हक्कधारकाची अनुमती हवी, कारण भाषांतराचा हक्क हा स्वामित्वहक्काचाच भाग आहे.

स्मरणिकेसाठी कोणी लेख दिला, तर छापण्याची परवानगी मिळते, मालकी मिळत नाही. हक्क हस्तांतरित करावयाचा असल्यास लेखी व सहीचा करार लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसल्यास ती ५ वर्षे मानली जाते. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा हक्क सामान्यतः मालकाकडे जातो. पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा हक्क, वेगळा करार नसल्यास, काढून घेणाऱ्याचा असतो.

मंदिरात काय चालते?

वाचकांनी घाबरून जाऊ नये. कायद्याच्या ५२व्या कलमात अनेक सवलती आहेत. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीच्या ओघात गीत गाणे वा वाजविणे हा हक्कभंग ठरत नाही. म्हणून पवित्र मिस्सात, नोव्हेनात वा मिरवणुकीत गाणाऱ्या गायनमंडळाला कोणाकडे शुल्क भरावे लागत नाही. हौशी मंडळाने विनामूल्य प्रेक्षकांसमोर अथवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी नाटक वा गायन सादर केल्यास तेही मुभेत येते. आपल्या युवकांच्या नाताळच्या नाटुकल्यांना याचा मोठा आधार आहे. वैयक्तिक अभ्यास, समीक्षा व चालू घडामोडींचे वृत्तांकन यांसाठी उचित वापर करता येतो.

शिक्षणासाठीही सवलत आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्स दुकानाविरुद्ध मोठ्या परदेशी प्रकाशकांनी दावा केला, तेव्हा २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिक्षणाच्या ओघात होणाऱ्या प्रतींच्या बाजूने निकाल दिला. पुढील वर्षी प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

लग्नसमारंभाबाबत मात्र सावध राहावे. कायद्यातील स्पष्टीकरणानुसार लग्नाची वरात व लग्नाशी निगडित सोहळे धार्मिक विधीत मोडतात आणि जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारनेही तसे कळविले. परंतु याच विषयावर गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढलेले परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केले. तेव्हा मोठ्या सभागृहात स्वागतसमारंभ ठेवणाऱ्यांनी सभागृहचालकाशी आधीच बोलून घ्यावे.

आता सीमा कोठे ओलांडली जाते ते पाहू. गीत गाण्याची सवलत म्हणजे गीतसंग्रह छापण्याची सवलत नव्हे. एक पुस्तक विकत घेऊन त्याच्या २०० प्रती काढणे, गीतांची सीडी काढून विकणे, दुसऱ्याचे ध्वनिमुद्रण आपल्या चित्रफितीखाली जोडून ती इंटरनेटवर कायमची ठेवणे, या साऱ्यांसाठी परवानगी हवी. ‘आम्ही नफा घेतला नाही’ एवढ्याने दोष जात नाही. जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगास ६ महिने ते ३ वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. व्यापारी लाभाचा हेतू नसल्यास न्यायालय कारणे नमूद करून शिक्षा कमी करू शकते.

नावाचा हक्क

पैशांच्या हक्काहून निराळा असा आणखी एक हक्क ५७व्या कलमात आहे. लेखकाने स्वामित्वहक्क दुसऱ्यास दिला, तरी ‘ही रचना माझी आहे’ असे सांगण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधक अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार त्याच्यापाशीच राहतो. त्या शिक्षकांचे दुःख नेमके हेच होते. त्यांना मोबदला नको होता, नाव हवे होते.

ख्रिस्तसभेची शिकवण याहून वेगळी नाही. सातवी आज्ञा केवळ खिसेकापूसाठी नाही. कामकरी आपल्या मजुरीस पात्र आहे, हे प्रभूने आपल्या शिष्यांना पाठविताना सांगितले (लूक १०:७). सृष्टीतील संपदा सर्वांच्या हितासाठी आहे, हेही ख्रिस्तसभा तितक्याच ठामपणे शिकविते. म्हणूनच कायद्याने मुदत घातली आहे आणि गरिबांसाठी, विद्यार्थ्यांसाठी, उपासनेसाठी दारे उघडी ठेवली आहेत. त्या दारांतून अवश्य जावे. कुंपण तोडून जाण्याची गरज नाही.

धर्मग्रामांसाठी आमच्या चार साध्या सूचना आहेत. प्रत्येक गीताखाली कवीचे व संगीतकाराचे नाव लिहावे. नाव ठाऊक नसल्यास ‘पारंपरिक’ न लिहिता ‘कवी अज्ञात’ लिहावे आणि वडीलधाऱ्यांकडे चौकशी करावी. पुस्तिका वा ध्वनिमुद्रण काढण्यापूर्वी एका पत्राने परवानगी मागावी व ती जपून ठेवावी. गीताचा एक शब्द जरी बदलावयाचा असेल, तरी कवीला विचारावे.

त्या शिक्षकांची आम्ही क्षमा मागितली आणि पुढील अंकात चूकदुरुस्ती छापली. त्यांनी तो अंक घडी करून पिशवीत ठेवला, उठता उठता म्हणाले, “गीत गात राहा, फादर. फक्त कोणाचे ते विचारत जा.” आमच्या परीने आम्ही विचारीत असतो. आपणही विचारावे, ही विनंती.