एक 'मेक अप', अर्थ अनेक

'मेक अप' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? पावडर, लिपस्टिक, काजळ आणि लग्नघरात आरसा अडवून बसलेल्या मुली! हा शब्द आता इतका घरचा झाला आहे की तो परका आहे याची आठवणही राहत नाही. पण मैत्रिणींनो, इंग्रजीत या जोडशब्दाचा संसार चेहऱ्यापुरता नाही बरं का! भांडण मिटवणं, थाप मारणं, बुडालेला अभ्यास भरून काढणं, पाहुण्यांसाठी अंथरूण तयार करणं, एवढी सगळी कामं तो एकटा करतो.

हे आपल्याला कशाला हवं, असं कुणी म्हणेल. पण 2000 सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासूनच इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीत सुरू व्हायचं. आता सहा वर्षांचं पोर पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात येतं आणि आपण फोडणी देत असतानाच विचारतं, "आई, याचा अर्थ काय?" शब्दकोश उघडावा तर 'मेक' म्हणजे करणे, बनवणे आणि 'अप' म्हणजे वर. दोन्ही जोडले तर होतं 'वर बनवणे'! अर्थाचा काही मेळ बसत नाही.

अवघड वाटलं तर नवल नाही

एखादं साधं क्रियापद आणि त्याच्या शेपटीला अप, ऑफ, आउट, डाउन असा छोटा शब्द, या जोडीला इंग्रजीत 'फ्रेजल व्हर्ब' म्हणतात. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी 1755 साली आपला प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश काढला, तेव्हा प्रस्तावनेतच त्यांनी सांगून टाकलं होतं की परकीयांना सगळ्यांत जास्त त्रास होतो तो या जोड्यांचा. तेव्हा आपण अडखळलो तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आणि खरं सांगू का, ही युक्ती आपल्या मराठीत रोजचीच आहे. 'लागणे' हे क्रियापद घ्या. भूक लागते, ठेच लागते, नाद लागतो, दिवा लागतो, पैसे लागतात, मूल बोलू लागतं आणि 'ती तुझी कोण लागते?' असंही आपण विचारतो. यातलं एकही वाक्य ऐकून आपण गोंधळत नाही. का? तर शेजारी कोणता शब्द आहे, हे पाहून अर्थ लावायची आपल्याला सवय आहे. 'मेक अप'लाही तीच नजर लावायची.

'अप' म्हणजे नेहमी वर नव्हे

जेवताना रेंगाळणाऱ्या मुलाला आपण म्हणतो, "खाऊन टाक पटकन!" इंग्रज आई म्हणते, "ईट अप!" दूध पिऊन टाक, तर "ड्रिंक अप!" म्हणजे हा 'अप' बऱ्याचदा आपल्या 'टाक'सारखं काम करतो. काम पुरतं करा, अर्धवट ठेवू नका, असा त्याचा भाव. 'मेक अप'च्या बहुतेक अर्थांत हाच धागा सापडतो. जे अपुरं, तुटलेलं किंवा विस्कळीत आहे ते पुरं करायचं, जुळवायचं.

चेहरा: एकोणिसाव्या शतकात इंग्रजी रंगभूमीवर नट भूमिकेसाठी चेहरा रंगवून सजत, त्याला 'मेक अप' म्हणू लागले. आपल्या नाटकवाल्यांचा शब्द 'रंगभूषा'. मात्र 'तिने मेकअप केला' याचं इंग्रजी 'शी मेड अप' असं करू नका. 'शी पुट ऑन मेक अप' म्हणा.

भांडण: मुलांची सकाळी कट्टी होते आणि संध्याकाळी बट्टी. ही बट्टी म्हणजे मेक अप! 'दे क्वॉरल्ड, बट दे मेड अप' म्हणजे ती भांडली, पण त्यांचा समेट झाला. जावाजावांच्या भांडणालाही हा शब्द चालतो, फक्त तिथे संध्याकाळपर्यंत काम भागेलच असं नाही!

मन: साडीच्या दुकानात दहा साड्या उलगडून झाल्या की दुकानदार मनात म्हणत असेल, 'मेक अप युवर माइंड!' म्हणजे एकदाचं काय ते ठरवा.

गोष्ट: 'मेक अप अ स्टोरी' म्हणजे मनाने गोष्ट रचणे. आजी नातवाला झोपवताना नवी गोष्ट रचते तेही मेक अप आणि गृहपाठ न करता 'वही हरवली' असं मूल सांगतं तेही मेक अप! कौतुक की तक्रार, हे मागच्यापुढच्या वाक्यांवरून ओळखायचं.

अंथरूण: सकाळी उठल्यावर बिछाना नीटनेटका करणं म्हणजे 'मेक द बेड'. पण पाहुणे आले, बाहेरच्या खोलीत गादी घातली, चादर-उशी दिली, तर ते 'मेक अप अ बेड'.

मिळून होणे: 'द टीम इज मेड अप ऑफ इलेव्हन प्लेअर्स', म्हणजे संघ अकरा खेळाडूंचा आहे. वस्तू कशाची आहे हे सांगायचं असेल तर मात्र 'अप' गाळायचा. साडी सुती आहे, तर 'मेड ऑफ कॉटन'.

भरपाई: उशिरा सुटलेली गाडी वेगाने जाऊन वेळ भरून काढते, तेव्हा ती 'मेक्स अप टाइम'. गेलेल्या वेळेची भरपाई करायची, तर 'मेक अप फॉर लॉस्ट टाइम'.

डायरीतली एक ओळ

शेवटचा अर्थ आयांनी मुद्दाम लक्षात ठेवावा. माझ्या ओळखीच्या एका बाईंची मुलगी तापाने आठ दिवस शाळेत गेली नव्हती. ती पुन्हा जाऊ लागली, तेव्हा डायरीत शेरा आला, 'शी मस्ट मेक अप द वर्क शी मिस्ड.' आईला त्यातला 'मेक अप' तेवढा ओळखीचा वाटला. शाळेत नटूनथटून जाते म्हणून तक्रार आली, असं समजून तिने मुलीला रागावून घेतलं आणि टिकलीची डबीही काढून घेतली. आधीच तापाने सुकलेली ती पोर मुसमुसत राहिली. शेऱ्याचा अर्थ एवढाच होता की बुडालेला अभ्यास तिने भरून काढावा. दोन दिवसांनी शेजारच्या कॉलेजातल्या मुलीने तो उलगडून सांगितला, तेव्हा त्या माउलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला विचारायची लाज वाटली हो," एवढंच ती म्हणाली.

अशा वेळी ओळखीचा शब्द दिसला तरी थांबावं आणि पुढचा शब्द पाहावा. पुढे 'माइंड' असेल तर ठरवणे, 'स्टोरी' किंवा 'एक्स्क्यूज' असेल तर रचणे, 'वर्क' किंवा 'टाइम' असेल तर भरून काढणे. 'विथ' आणि माणसाचं नाव असेल तर समेट. चेहऱ्याचा मेकअप लिहिताना बहुधा एकाच शब्दात किंवा मध्ये छोटी रेघ देऊन लिहितात. क्रियापद असलं की दोन शब्द सुटे असतात. एवढी एक खूणही पुष्कळदा पुरते.

बोलताना आणखी एक पथ्य पाळावं. 'ते' म्हणजे 'इट' वापरायचं असेल तर ते मध्ये बसतं. 'ही मेड इट अप' बरोबर, 'ही मेड अप इट' चूक.

शब्दांच्या लांबलचक याद्या पाठ करू नका, त्या राहत नाहीत. वाणसामानाच्या वहीची शेवटची दोन पानं यासाठी ठेवा. मुलाच्या पुस्तकात अशी जोडी भेटली की ते पूर्ण वाक्य उतरवा आणि खाली आपल्या मराठीत अर्थ लिहा. आठवड्याला एक जोडी धरली तरी वर्षाला पन्नासच्या वर होतात. आणि अडलं तर विचारा. मुलाला विचारा, बाईंना विचारा, शेजारणीला विचारा. भाजीवालीशी घासाघीस करताना आपल्याला संकोच वाटत नाही, मग एका शब्दाचा अर्थ विचारायला का वाटावा?