फणसांब्याची बांधणी

कोकणात जुन्या फणसाच्या खोडावर लाकडासारखा टणक फाळा उगवलेला दिसतो. तो फणसांबा. लहान मुलाचे तोंड आले की जुन्या बायका तो सहाणेवर उगाळून लावीत. औषधाचे वैद्य पाहतील. आम्हांला बोलायचे आहे ते त्याच्या बांधणीविषयी. फणसांबा हे लाकूड नव्हे, बुरशी आहे. पावसाळ्यात उकिरड्यावर येणाऱ्या आणि बोट लावताच मोडणाऱ्या छत्रीच्याच भावकीतला तो.

मग हा टणकपणा आला कोठून? बुरशीचे अंग म्हणजे केसाहून बारीक तंतूंचे जाळे. तंतूच्या भिंतीत कायटिन असते. कोळंबीच्या कवचातही तेच. युरोपात बर्चच्या झाडावर फणसांब्यासारखीच एक बुरशी वाढते. फिनलंडमधील संशोधकांनी २०२३ साली तिची रचना उलगडून दाखविली. वर कठीण कवच, मध्ये चामड्यासारखा मऊ थर, खाली पोकळ नळ्यांची दाटी. तिन्ही थर तंतूंचेच. फरक आहे तो तंतूंच्या मांडणीत आणि त्यांना चिकटविणाऱ्या द्रव्यात. एकाच सुताचे मांजरपाट विणता येते आणि सतरंजीही, हे विणकराला सांगावे लागत नाही. वजनाला हलके पण मजबूत पदार्थ घडविण्यासाठी अभियंते आता ही वीण अभ्यासत आहेत.

याहून साधा प्रयोग बाजारात आलाही आहे. भुसा वाफवून त्यात बुरशीचे बी मिसळतात आणि साच्यात भरतात. काही दिवसांत तंतू सारा भुसा बांधून टाकतात. मग तो वाळवून बुरशी मारतात. थर्मोकोलऐवजी असे खोके वापरता येतात. न्यूयॉर्कमध्ये २०१४ साली अशा सुमारे १०,००० विटांचा मनोरा उभारला होता. मात्र ही वीट पाणी पिते. भट्टीच्या विटेची जागा ती घेईल, असे कोणी सांगितले तर आम्ही तरी विश्वास ठेवणार नाही.

लोणंदच्या आसपास ऊस आहे, कारखाने आहेत. बगॅसपासूनही असा माल होऊ शकतो. पण कुजलेल्या बगॅसच्या धुळीने कामगाराची फुप्फुसे सुजतात. त्या रोगाला बगॅसोसिस म्हणतात, आणि १९२३ च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात तो नोंदलेला होता. अळिंबीच्या शेडमध्येही बीजाणूंमुळे तसाच विकार जडतो. नव्या मालात बीजाणू धरण्यापूर्वीच बुरशी मारतात, हे बरे. पण भुसा चाळणारा माणूस धुळीतच उभा असतो. म्हणून असा कारखाना इकडे निघालाच, तर धूळ ओढणारे पंखे पहिल्याच नकाशात असावेत, एवढे आमचे मागणे आहे.